सहावा माणूस : मॉरिस नाचावरचे दोन चित्रपट आणि एक गाव



मागच्या दोन बैठकांत आपण दोन चित्रपट पाहिले. दोन्ही इंग्लंडमधल्या मॉरिस नावाच्या लोकनृत्यावरचे. पहिला 2009 चा, ‘मॉरिस : अ लाइफ विथ बेल्स ऑन’, विनोदी आणि संपूर्ण काल्पनिक. दुसरा 2011 चा माहितीपट, ‘वे ऑफ द मॉरिस’, टिम प्लेस्टर आणि रॉब करी यांनी केलेला. पाहून झाल्यावर चहाच्या टेबलाशी जी चर्चा झाली ती आम्ही कान देऊन ऐकत होतो. तिच्यात एक शब्द फार वेळा आला. ‘बिचारे’. पहिला पाहून लोक हसत हसत बिचारे म्हणाले, दुसरा पाहून डोळे पुसत. आम्हांला तो शब्द खटकला, आणि तो आपल्या तोंडी या चित्रपटांनीच घातला असं आम्हांला वाटतं. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

जे ऑनलाइन ऐकताहेत आणि ज्यांनी चित्रपट पाहिले नाहीत, त्यांच्यासाठी आधी नाच काय असतो ते सांगतो. सहा माणसं. तीन-तीनच्या दोन रांगा. पांढरे कपडे, छातीवर आडव्या रंगीत फिती, गुडघ्याखाली नडगीवर बांधलेल्या पट्ट्या आणि त्यांवर शिवलेले घुंगरू. हे घुंगरू आपल्या तमाशातल्या चाळांसारखे वजनदार नसतात, खुळखुळ्यासारखे हलके असतात. हातात मोठे रुमाल, नाहीतर काठ्या. बाजूला एक वादक, फिडल किंवा कॉन्सर्टिना घेऊन. कॉन्सर्टिना म्हणजे दोन्ही हातांत धरून दाबायचा-ताणायचा छोटा भाता. शिवाय बऱ्याच संघांत एक सोंगाड्या असतो. तो रांगांमधून हिंडतो, नाचणाऱ्यांची चेष्टा करतो, आणि खरं म्हणजे गर्दीला मागे सारायचं काम करतो.

ही झाली ऑक्सफर्डशायर आणि आजूबाजूच्या भागातली, कॉट्सवोल्ड म्हणतात ती तऱ्हा. वायव्येकडे कारखान्यांच्या गावांत लाकडी तळव्यांचे बूट घालून मोठ्या मिरवणुकीने नाचतात, वेल्सच्या सीमेकडे काठ्यांची हाणामारी जास्त. नाव बहुधा ‘मूरिश’वरून आलेलं, म्हणजे मूर लोकांचा नाच. लंडनच्या सोनारांच्या संघाने 1448 मध्ये मॉरिस नाचणाऱ्यांना सात शिलिंग दिल्याची नोंद आहे. 1600 साली विल केम्प नावाचा विनोदी नट लंडनहून नॉरिचपर्यंत मॉरिस नाचत गेला. म्हणजे नाच जुना आहे हे खरं. पण हजारो वर्षांपूर्वीच्या सूर्यपूजेतून वगैरे आला, हे जे सांगितलं जातं त्याला पुरावा नाही. पहिला उल्लेख सापडतो तोच मुळी पैसे दिल्याचा आहे! हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता माहितीपट. गाव ॲडरबरी. ऑक्सफर्डशायरच्या उत्तरेला, बॅनबरीजवळ. पिवळसर-तपकिरी दगडाची घरं, भोवती जवाची शेतं. टिम प्लेस्टर या गावातला. तुमच्यापैकी काहींनी त्याला ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये पाहिलं असेल. 1970 च्या दशकाच्या मध्यावर गावातल्या काही जणांनी गावचा बंद पडलेला मॉरिस परत उभा केला. गावचा नाच गावच्या माणसांनी नाचावा, अशी त्यामागची कल्पना. त्यांत टिमचे वडील होते, काकामंडळी होती. टिमला मात्र लहानपणापासून या प्रकाराची लाज. बापाने पायाला घुंगरू बांधून भर चौकात रुमाल उडवायचे आणि शाळेतल्या पोरांनी ते बघायचं, ही लाज कोणत्याही देशातल्या मुलाला समजेल. तो मोठा होतो, नट होतो, आणि एक दिवस कॅमेरा घेऊन आपण कशाला लाजत होतो ते बघायला परत येतो.

इथपर्यंत चित्रपट फार छान आहे. चौसष्ट मिनिटांचाच आहे, घाई नाही, पाल्हाळ नाही. पाय चित्रित करण्यात या लोकांनी कमाल केली आहे. आपल्याकडे नाचाचं चित्रण म्हटलं की कॅमेरा चेहऱ्याला चिकटतो. इथे घुंगरू एका क्षणी गप्प होतात, माणूस हवेत असतो, आणि मग सहाही जण एकदम जमिनीवर येतात, तो आवाज तुमच्या छातीत येतो. ॲडरबरीच्या नाचांचं एक वैशिष्ट्यही आहे : सुरुवातीला नाचणारे स्वतः ते गाणं म्हणतात, मग काठ्या चालू होतात. मोठ्या, कमावलेल्या नसलेल्या गळ्याने म्हटलेलं गाणं. त्यात मध्यमवयीन पोटं आहेत, धाप आहे. आम्हांला ते नाच पुन्हा पाहावेसे वाटले.

मग चित्रपट युद्धाकडे वळतो. गावात चालत आलेली आणि चित्रपटाने मनोमन धरलेली गोष्ट अशी, की पहिल्या महायुद्धाआधी ॲडरबरीत तरुण पोरांचा एक संघ होता, ती पोरं युद्धावर गेली आणि त्यांतला एकच परत आला. आजचा संघ फ्रान्सला जातो, सोमच्या रणभूमीवर, जिथे नुसती नावं कोरलेली आहेत अशा भिंतींपाशी आणि सारख्या आकाराच्या पांढऱ्या दगडांच्या रांगांपाशी. पन्नाशी-साठीतली ही माणसं विशीतल्या पोरांच्या दगडांसमोर उभी राहतात. रडू येतं. आम्हांलाही आलं, ते कशाला नाकारा.

पण रडून झाल्यावर विचार केला पाहिजे. टीका करणाऱ्याचं काम तिथून सुरू होतं.

या मांडणीत मॉरिस कसा मेला याचं उत्तर मिळतं : जर्मन मशीनगनने मारला. आणि तो परत का आला, याचंही : रक्ताने हाक दिली, मुलांनी बापजाद्यांचा वसा उचलला. गोष्ट म्हणून ही चोख आहे. पण इतिहास म्हणून ती अर्धीच आहे, आणि उरलेला अर्धा भाग आम्हांला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण दक्षिण मिडलंड्समधले बहुतेक गावांचे संघ युद्धाच्या पुष्कळ आधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच बसत गेले होते. कीथ चँडलर नावाच्या अभ्यासकाने गावोगावचे कागद चाळून या भागातल्या मॉरिसचा 1660 ते 1900 असा इतिहास लिहिला आहे. त्यात नाचणाऱ्यांची नावं आहेत, धंदे आहेत, कोण कोणाचा मेहुणा तेही आहे. बहुतेक सगळे शेतमजूर, कारागीर. व्हिटसनचा सण आला, म्हणजे ईस्टरनंतर सातव्या आठवड्यात, की हे लोक सहाच्या टोळ्या करून गावोगाव आणि जमीनदारांच्या दारी नाचत जायचे. पैसे आणि बिअर मिळायची. शेतमजुराला ती कमाई लहान नव्हती. मग शेतीतली कामं बदलली, माणसं रेल्वेवर आणि शहरात गेली, पाद्री मंडळींना व्हिटसनची दारू आणि दंगा नकोसा झाला. एखाद्या वर्षी पाचच जण उरले. पाच जणांत नाच होत नाही.

मशीनगनचा आवाज मोठा असतो म्हणून तो चित्रपटात ऐकू येतो. पाचच जण उरल्याचा आवाज होत नाही.

आता हेडिंग्टन क्वारीची गोष्ट सांगतो, मॉरिसवर बोलताना ती टाळताच येत नाही. ऑक्सफर्डजवळची ही वस्ती, विटा पाडणारे आणि बांधकामावरचे मजूर राहायचे. 26 डिसेंबर 1899. सेसिल शार्प नावाचे संगीतशिक्षक सासुरवाडीला आले होते. खिडकीतून त्यांना बर्फातून येणारी माणसं दिसली, पांढऱ्या कपड्यांतली, घुंगरू बांधलेली, बरोबर विल्यम किंबर नावाचा तरुण कॉन्सर्टिना वाजवतोय. शार्प यांनी दुसऱ्या दिवशी किंबरला बोलावून चाली उतरवून घेतल्या आणि तिथून इंग्लंडच्या लोकनृत्याचं पुनरुज्जीवन सुरू झालं. पाठ्यपुस्तकी गोष्ट ही इतकीच.

यात दोन गोष्टी राहून जातात. एक, ही माणसं नाताळात का नाचत होती? नाच तर व्हिटसनचा. थंडीमुळे बांधकामं बंद, हाताला काम नाही, म्हणून चार पैसे मिळवायला ती अवेळी बाहेर पडली होती, आणि त्याबद्दल त्यांना थोडं ओशाळल्यासारखंही वाटत होतं. दोन, हा संघ अखंड चालत आलेला नव्हताच. तो 1887 च्या सुमारास बंद पडला होता. पर्सी मॅनिंग नावाच्या जुन्या गोष्टींचा नाद असलेल्या गृहस्थाने त्याला परत जमवलं आणि मार्च 1899 मध्ये ऑक्सफर्डमध्ये एका कार्यक्रमात नाचायला लावलं. म्हणजे शार्प यांना खिडकीतून जी ‘परंपरा’ दिसली ती नऊ महिन्यांपूर्वी पुन्हा सुरू केलेली होती! यात फसवणूक काही नाही. नाचणारे खरे, नाच खरा. फक्त ‘अखंड’ हा शब्द खोटा.

आणि त्यानंतरचा संघ कोणता? लंडनमधल्या शिवणकाम करणाऱ्या मुलींचा. मेरी नील नावाची समाजसेविका गरीब कामकरी मुलींसाठी एस्पेरान्स क्लब चालवायची. 1905 मध्ये तिने शार्प यांना विचारलं, मुलींना शिकवण्याजोगं काही आहे का? शार्प यांनी किंबरचा पत्ता दिला. ती जाऊन त्याला घेऊन आली. दिवसभर सुई चालवून आलेल्या मुली संध्याकाळी वीटकामाच्या मजुराकडून मॉरिस शिकल्या आणि थोड्याच दिवसांत त्याच इंग्लंडभर शिकवत फिरू लागल्या. त्यांतली फ्लोरी वॉरन 1911 च्या सुमारास नीलबरोबर अमेरिकेला गेली, शिकवायलाच. पुढे नील आणि शार्प यांचं बिनसलं. शार्प म्हणत, पाऊल अचूक पडलं पाहिजे. नील म्हणे, आधी नाचात जीव पाहिजे. भांडण शार्प जिंकले. संस्था त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, नील मागे पडली. 1934 मध्ये मॉरिस रिंग ही संघांची मध्यवर्ती संस्था निघाली, ती फक्त पुरुषांची. ज्या नाचाचं पुनरुज्जीवन शिंपीणकाम करणाऱ्या मुलींनी केलं, तो तीस वर्षांत मूळचा पुरुषांचा म्हणून जाहीर झाला. आपल्याला हे ऐकून फार आश्चर्य वाटायला नको. परंपरा किती जुनी असं विचारलं तर लोक आजोबांपर्यंतच मोजतात.

हे सगळं ॲडरबरीला कसं लागू होतं ते आता पाहा. ॲडरबरीचे नाच 1970 च्या दशकात परत नाचता आले, ते कशाच्या जोरावर? रक्तात पावलं नसतात. गावातल्या मोठ्या घरात जॅनेट ब्लंट नावाच्या बाई राहायच्या. गाण्यांचा आणि नाचांचा त्यांना नाद. जुन्या संघाचा म्होरक्या विल्यम वॉल्टन तेव्हा म्हातारा झाला होता. बाईंनी त्याला बसवून, उठवून, पावलं करून दाखवायला लावून, गाणी म्हणून घेऊन, सगळं वहीत उतरवलं. हे काम पहिल्या महायुद्धाच्या वर्षांतही चालू होतं. तिकडे पोरं मरत होती आणि इकडे एक बाई आणि एक म्हातारा बसून डावा पाय आधी की उजवा याची शहानिशा करत होते. आम्हांला विचाराल तर या चित्रपटातला सगळ्यांत मोठा प्रसंग हा होता. सोमच्या स्मशानभूमीइतकाच जागा द्यायच्या लायकीचा. पण चित्रपटाची गोष्ट बापलेकांची, काकांची आणि हुतात्म्यांची आहे. वहीला त्यात वारशाचा मान नाही.

गावाने मात्र तो मान दिला आहे, तोही थट्टेच्या अंगाने. ॲडरबरीत आज पुरुषांचे दोन संघ आहेत. एका गावात दोन का, हे पुण्यातल्या गणपती मंडळांत वाढलेल्या श्रोत्यांना समजावून सांगायची गरज नाही. (हशा.) आणि तिसरा आहे बायकांचा. त्याचं नाव ‘शार्प अँड ब्लंट’. सेसिल शार्प आणि जॅनेट ब्लंट. शिवाय धारदार आणि बोथट. या नावात मॉरिसचा जेवढा इतिहास आहे तेवढा दोन्ही चित्रपटांत मिळून नाही, असं आम्ही थोडं चिडून म्हणतो.

आता संघ चालतो कसा ते बघू, म्हणजे ‘बिचारे’ या शब्दाचाही निकाल लागेल. हिवाळाभर आठवड्यातून एक संध्याकाळ सराव. गावाचं सभागृह, चर्चचा हॉल, नाहीतर शाळेचं जिमखान्याचं दालन. थंडगार लाकडी जमीन. फोरमन पावलं शिकवतो. स्क्वायर हा पुढारी, बाहेर नाचताना कुठला नाच घ्यायचा ते ठरवतो. आणि बॅगमन. तो चिटणीस : पत्रव्यवहार, तारखा, पबच्या मालकाला फोन, घुंगरांच्या पिशव्या, वर्गणी. मे महिना उजाडला की पहिल्या तारखेला पहाटे उठून सूर्योदयाला नाचायचं आणि तिथून उन्हाळाभर पबच्या अंगणांत, जत्रांत. टोपी फिरवून जमलेले पैसे आता बहुधा एखाद्या धर्मादाय कामाला किंवा संघाच्या खर्चाला जातात. पोट त्यावर कोणाचं नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी दर आठवड्याला एकच प्रश्न : आज किती आले? सहा पाहिजेत. प्रत्येकाची जागा ठरलेली, समोर कोण, कोपऱ्यात कोण, कोणाच्या काठीवर कोणाची काठी पडणार. एकाचं ढोपर दुखावलं, एकाची रात्रपाळी, एकाची बायको बाळंत. पाच जण हॉलमध्ये उभे, वादक दोन-चार सूर काढून थांबलेला, सगळ्यांचे डोळे दाराकडे. मग दार उघडतं आणि सहावा येतो, ओला कोट, सबब सांगत. तो उत्तम नाचणारा असेलच असं नाही. बऱ्याचदा नसतोच. पण तो आला म्हणून नाच होतो.

कोकणात शिमग्याला चाकरमानी मुंबईहून पोचला नाही तर पालखी उचलायला खांदा कमी पडतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना आम्ही काय म्हणतोय ते कळेल. तिथेही श्रद्धा, वारसा, मानपान सगळं असतं, पण एसटीचं तिकीट मिळालं का, हा प्रश्न त्याच्या आधी येतो.

माहितीपटाचं मन या हॉलमध्ये नाही. ते शेतात आहे आणि स्मशानभूमीत आहे. म्हणून तो सुंदर आहे, आणि म्हणूनच आपल्याला ही माणसं ‘बिचारी’ वाटली, मेलेल्यांचं ओझं वाहणारी. हॉल पाहिला असता तर ती हट्टी वाटली असती. हट्टी माणसाला बिचारा म्हणवत नाही.

विनोदी चित्रपटाबद्दल थोडक्यात. मिलशॅम हे काल्पनिक गाव, डेरेक ट्विस्ट हा तिथल्या संघाचा नायक. ही भूमिका आणि लेखन चार्ल्स थॉमस ओल्डम यांचं, दिग्दर्शन लूसी एकर्स्ट यांचं. डेरेक नवनवीन पावलं शोधतो. ‘मॉरिस सर्कल’ नावाची मध्यवर्ती संस्था त्याला बाहेर काढते, म्हणजे मॉरिस रिंगचीच नक्कल. मग तो कॅलिफोर्नियाला जातो वगैरे. डेरेक जॅकोबींसारखा मोठा नट संस्थेचा खडूस अध्यक्ष होऊन मजा करतो. विनोद बराचसा ढोबळ आहे, शेवट आधीच कळतो, आणि खेड्यातली माणसं म्हणजे जरा मंदच, हे गृहीत धरून मिळवलेलं हसू आम्हांला रुचलं नाही. आपल्या मराठी चित्रपटांनीही ते पीक पुष्कळ काढलं आहे. तरीही एका बाबतीत हा चित्रपट दुसऱ्यापेक्षा जास्त खरा आहे. त्याला कळलंय की मॉरिस म्हणजे समिती. ठराव, आक्षेप, कोणी कोणाला न विचारता काठी बदलली याचा राग. पहिल्यांदा पाहताना ते नाचाबाहेरचं वाटतं. आम्हांला आता वाटतं की तोच नाचाचा मोठा भाग आहे. आणि गंमत म्हणजे या चित्रपटाला मोठा वितरक मिळेना, तेव्हा तो लहान लहान चित्रपटगृहांतून आणि गावांच्या सभागृहांतून फिरला. म्हणजे मॉरिस नाचतात त्याच हॉलमधून!

पण समितीचं भांडण लुटुपुटूचं नसतं, हे मात्र तो चित्रपट विसरतो. त्यात डेरेक नव्याच्या बाजूने, संस्था जुन्याच्या, आणि आपण आपोआप डेरेकच्या. प्रत्यक्षात असं सोपं नसतं. बायकांचाच प्रश्न घ्या. 1975 मध्ये बायकांनी स्वतःची वेगळी फेडरेशन काढली, कारण रिंगमध्ये दार बंद. पुढे ती सगळ्यांना खुली झाली. रिंगने बायकांना दार उघडलं ते अगदी अलीकडे, 2010 च्या दशकाच्या अखेरीस. तोपर्यंत काय झालं होतं? 2009 च्या सुरुवातीला रिंगच्याच एका पदाधिकाऱ्याने जाहीर इशारा दिला होता, की तरुण येत नाहीत, वीस वर्षांत हा नाच नाहीसा होईल. सहावा माणूस मिळेना म्हणून हॉलमध्ये रडायचं, आणि बाहेर सहा बाया उभ्या आहेत! आज नाचणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या बायका आहेत. स्ट्राउडचा ‘बॉस मॉरिस’ हा बायकांचा संघ 2023 मध्ये ब्रिट पुरस्कारांच्या मंचावर ‘वेट लेग’ या बँडबरोबर नाचला, लाखोंच्या टीव्हीवर. इशारा देणाऱ्याचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही. त्याने ज्यांना मोजलं त्यांच्यापुरतं ते खरं होतं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. सीमेकडच्या आणि वायव्येकडच्या काही संघांत तोंडाला काळं फासून नाचायची रीत होती. कोणी म्हणत, ओळख लपवायला, कारण नाचून पैसे मागणं म्हणजे भीक ठरायची. कोणी म्हणत, एकोणिसाव्या शतकात काळ्या माणसांची टवाळी करणारे जे गोरे नट होते त्यांच्यापासून हे आलं. जुलै 2020 मध्ये तिन्ही मध्यवर्ती संस्थांनी मिळून सांगितलं, संपूर्ण चेहरा काळा रंगवणं बंद करायचं. कित्येक संघ निळे झाले, हिरवे झाले, मुखवटे आले. लँकशायरमधल्या बेकपचे ब्रिटानिया कोकोनट डान्सर्स मात्र बाहेर पडले, आमचं आम्ही बघू म्हणाले.

इथे आम्ही कुंपणावर बसणार नाही. संस्थांचा निर्णय बरोबर होता. मूळ हेतू काय होता याचा वाद शंभर वर्षं चालू शकेल, पण रस्त्यावर नाचायचं तर रस्त्यावर उभ्या माणसाला काय दिसतं ते पाहावं लागतं. त्या गर्दीत काळी मुलगीही उभी असते. तिला अभिलेखागारातला पुरावा देऊन चालणार नाही. आणि ‘असंच चालत आलंय’ म्हणणाऱ्यांना हेडिंग्टन क्वारीचे मजूर आठवावेत. व्हिटसनचा नाच त्यांनी नाताळात नाचला, कारण त्या वर्षी गरज होती. तरीसुद्धा बेकपच्या लोकांना नुसतं दुष्ट ठरवून मोकळं होणं आम्हांला जमत नाही. दर ईस्टरच्या शनिवारी गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिवसभर नाचत जाणाऱ्या, आपल्या कष्टकरी वस्तीचा अभिमान बाळगणाऱ्या या माणसांना दुसरीकडे फारसं कोणी विचारत नाही. अशा माणसांच्या हातून एक गोष्ट काढून घ्यायची असेल तर ती काढणाऱ्याने त्यांच्या हॉलमध्ये जाऊन बसलं पाहिजे. असा प्रसंग या दोन चित्रपटांत कुठे आहे? एकाला भांडण फक्त हसायला हवं होतं, दुसऱ्याला भांडणाच्या वर चढून पवित्र जागी जायचं होतं. गावच्या मॉरिसवर तिसरा चित्रपट अजून व्हायचा आहे, असं आमचं म्हणणं आहे.

आता वेळ संपत आली, आणि प्रश्नांसाठी जागा ठेवायची आहे. पुढच्या बैठकीत काय दाखवणार तेवढं सांगतो. किनोरा नावाचं एक जुनं यंत्र होतं, चित्रांची गोल चवड हाताने फिरवून बघायचं. त्यासाठी 1912 मध्ये नाचाची काही मिनिटांची चित्रं घेतली होती, ती आज चित्रफीत म्हणून पाहता येतात. त्यात सेसिल शार्प आहेत. जॉर्ज बटरवर्थ आहे, उमदा संगीतकार आणि मॉरिसचा फार चांगला नाचणारा. शार्प यांच्या प्रात्यक्षिक संघातले चार जण 1916 मध्ये युद्धात मारले गेले, बटरवर्थ, ल्यूकस, विल्किन्सन आणि टिडी. बटरवर्थ सोमला गेला. माहितीपटातल्या त्या भिंती आठवा. तर तो इथे आहे, जिवंत, रुमाल उडवत, जमिनीपासून चांगला वर. आणि त्याच फितीत मॉड आणि हेलन कारपेलिस या दोघी बहिणीही नाचताना दिसतात. रिंग निघायला अजून बावीस वर्षं होती. चौघं मिळूनही नाचतात. आवाज नाही, घुंगरू ज्याचे त्याने मनात वाजवायचे. येताना जरा लवकर या, फीत लहान आहे, उशिरा येणाऱ्याची संपून जाईल.